जहाज येईपर्यंत कोलंबो

माझा धाकटा भाऊ मिलिंद मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये काम करतो. मे महिन्याच्या अखेरीला नव्या जहाजावर चढण्यासाठी त्याच्या कंपनीने त्याला कोलंबोला पाठवलं. जहाज श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळून जाताना छोट्या लाँचमधून त्याला तिथवर न्यायचं आणि वर चढवायचं, असं ठरलं होतं. पण तिकडे पावसाळा आधीच सुरू झालेला, समुद्र खवळलेला, त्यात जहाजालाही उशीर. आज-उद्या करत मिलिंद हॉटेलात अडकून पडला आणि एक दिवस मला दुपारी ऑफिसात त्याचा फोन आला.

"ताई, येतेस का इकडे? शनिवार-रविवार फिरू. तू अजून कुठे बाहेर गेलीच नाहीयेस."

एपीएमसी मार्केटमधल्या कांद्याच्या एका पेढीवर मी हिशेबाचं काम करते. नवऱ्याच्या ऑफिसची थायलंडची ट्रिप ठरून रद्द झाली होती, तेव्हा काढलेला पासपोर्ट कपाटात कोराच पडला होता. मिलिंद आपणहून काही मागत नाही. त्यामुळे त्याने बोलावल्याचा मला आनंद झाला, आणि तेवढीच काळजीही वाटली.

काळजीला कारण होतं. आदल्या खेपेला त्याच्या जहाजावर आग लागली होती. त्याच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत भाजलं, तो घरी आला, हात बरा झाला. पण त्यानंतर घणसोलीच्या आमच्या घरात तो एक दिवस स्वस्थ बसला नाही. सगळे पंखे उतरवून त्याने साफ केले, सोसायटीचा पाण्याचा पंप दोनदा खोलून परत बसवला, सकाळी चालायला निघायचा तो थेट वाशीपर्यंत जाऊन यायचा. आणि मग अचानक सांगितलं की नवीन जहाज मिळालंय. आईने दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला.

मी निघाले तेव्हा आई बॅगेत चकल्यांचा डबा कोंबत म्हणाली, "फिरायला जातेस ना, फिर. पण येताना त्याला घेऊन ये."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शनिवार, कोलंबो

विमानतळावर मिलिंद दोन छत्र्या घेऊन उभा होता. मी आदल्या संध्याकाळी घामाने निथळत घरातून निघाले होते आणि इथे पहाटेच गारठा वाटत होता. बुद्धपौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. तिकडे तो केवढा मोठा सण! आपल्या दिवाळीसारखे कागदी कंदील घराघरांवर, दुकानांवर, झाडांवर लावतात. ते अजून कोणी उतरवले नव्हते. पावसात भिजून कागद गळून पडलेला, नुसते बांबूचे सांगाडे लोंबत होते. आमच्या सोसायटीत बुद्धपौर्णिमेला खीर वाटतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे कामाला. इथे म्हणे रस्तोरस्ती मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही जेवू घालतात. आपण आठवडाभर आधी यायला हवं होतं, असं मी म्हटलं, तर मिलिंद म्हणाला की तेव्हा तो घरीच होता आणि मी त्याला ‘किती येरझाऱ्या घालतोस’ म्हणून ओरडत होते.

हॉटेल समुद्राकडे उतरणाऱ्या एका गल्लीत होतं. नाश्त्याला इंदिआप्प आले. तांदळाच्या पिठाच्या शेवयांची वाफवलेली चकती. पाहताक्षणी मी मिलिंदकडे पाहिलं, कारण हे आमचे शिरवाळेच. मंडणगडकडच्या आमच्या गावी नारळाच्या रसात गूळ-वेलची घालून शिरवाळे खातात. इथे त्यांच्याबरोबर पातळ डाळ आणि ओल्या नारळाची लालभडक चटणी, चांगलीच झणझणीत. मी दोनदा वाढून घेतलं. मिलिंदने अर्धं खाल्लं आणि ताट सरकवलं. तो दाराकडे तोंड करून बसला होता. शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा हात धुवायला गेला तर हा तो परत येईपर्यंत तिकडेच बघत राहिला. कोणी ओळखीचे आहेत का, मी विचारलं. नाही म्हणाला.

आम्ही बाहेर पडलो. कोलंबोतल्या रिक्षा आपल्यासारख्याच, फक्त निळ्या, लाल, हिरव्या, वाटेल त्या रंगाच्या. आमचा रिक्षावाला सुनील नावाचा निघाला. हे नाव इथेही असतं याची मला गंमत वाटली. कुवेतमध्ये भारतीय लोकांबरोबर कामाला होता, त्यामुळे हिंदी बोलायचा. दोन्ही दिवसांत मला सर्वांत जास्त नवल वाटलं ते रस्ता ओलांडण्याचं. पांढऱ्या पट्ट्यांपाशी मी गाडी जायची वाट बघत उभी, आणि गाडी माझी वाट बघत उभी. मागे रांग लागली तरी कोणी हॉर्न वाजवेना. शेवटी मिलिंदने दंडाला धरून मला पलीकडे नेलं.

आम्ही एका ठिकाणी टेकलो की लगेच त्याला उठायचं असायचं. एक संग्रहालय आम्ही जवळजवळ पळत पाहिलं. चहा अर्धा टाकला. कंपनीच्या तिथल्या एजंटचा माणूस रोशन दर थोड्या वेळाने फोन करायचा. आज रात्री बोट. मग नाही, उद्या. मग कदाचित सोमवारी. प्रत्येक फोननंतर मिलिंद छत्री उघडायचा, मिटायचा आणि म्हणायचा, चल, दुसरीकडे जाऊ.

दुपारी मी त्याला हट्टाने पेटा बाजारात नेलं. तो त्यांचा घाऊक बाजार. दुसऱ्या शहरात गेल्यावर माझे पाय आपोआप कांद्याकडे वळतात. अरुंद गल्ल्या, डोक्यावर गोणी घेतलेले हमाल, ओल्या तागाचा तोच वास, फक्त पायाखाली वाहतं पाणी जास्त. एका दुकानात मोठा लाल कांदा दिसला. मी उचलून दाबून पाहिला, सालं पाहिली आणि सुनीलला विचारलं, याला काय म्हणतात? दुकानदाराने परस्पर उत्तर दिलं, "बोंबाय लूनू." लूनू म्हणजे कांदा. सुनील म्हणाला, मोठ्या कांद्याला इथे सगळे मुंबईचा कांदाच म्हणतात. मी दुकानदाराला सांगितलं की मी त्या कांद्याच्याच बाजारात कामाला आहे. त्याने मला दुकानाच्या आत बोलावलं, पोती उघडून दाखवली, ओला माल कसा सडतो त्याची तक्रार माझ्यापाशी केली, जणू मीच तो पाठवला होता. मला फार मजा आली.

तेवढ्यात पावसाची सर जोरात आली. गल्लीतली माणसं दुकानांत घुसली, दाराशी गर्दी झाली. बाहेर उभ्या मिलिंदला मी दिसेनाशी झाले. थोड्या वेळात त्याच्या हाका ऐकू आल्या. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन तो परत येत होता आणि "ताई, ताई" म्हणून ओरडत होता, लहान मूल हरवल्यासारखा. मी गर्दीतून धडपडत बाहेर आले. त्या गडबडीत माझी एक चप्पल पायातून निसटली आणि पाण्याबरोबर गटाराकडे निघाली. मी हसायला लागले. मिलिंद हसला नाही. त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. त्याच्या ओठांचा रंग उडाला होता.

"अरे, दुकानात तर होते मी," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. पण हात सोडायला त्याला वेळ लागला.

सुनीलने एका गाड्यावरून माझ्यासाठी रबरी स्लिपर आणल्या, जांभळ्या रंगाच्या. त्या घालून मी चपकचपक करत रिक्षेत बसले. मग सुनीलनेच विचारलं, विहारात जायचं का?

शहराबाहेर नदीकाठी जुनं विहार होतं. दाराशी निळी कमळं विकायला होती. विकणारी बाई एकेक पाकळी मागे दुमडून फूल उमलवून देते, घडी उलगडावी तसं. सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी, ओल्या फरशीवर. आत बसले तर माझ्या बाजूला एक म्हातारी बाई हात जोडून पुटपुटत होती. भाषा कळेना, पण मध्येच ओळखीचा शब्द कानावर पडला. मग पुढचा. ती पंचशील म्हणत होती. चाल अगदी वेगळी, लांबवलेली, पण शब्द तेच. पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि, जीवहत्येपासून दूर राहण्याचं व्रत. आईने लहानपणी आम्हा दोघांना भिंतीशी बसवून घोटून घेतलेले शब्द. माझ्या तोंडून ते आपोआप निघाले. बाईने वळून पाहिलं. मग तिने आपली चाल थोडी संथ केली, मला गाठता यावं म्हणून. शेवटपर्यंत आम्ही बरोबर म्हणत गेलो. संपल्यावर तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी बोलली आणि उठून गेली.

मागे पाहिलं तर मिलिंद भिंतीला टेकून बसला होता. सकाळपासून पहिल्यांदाच तो काही न करता बसला होता. बाहेर पाऊस धो धो पडत होता आणि आम्हाला निघता येत नव्हतं. पडवीत येऊन आम्ही पायरीवर बसलो. तिथे त्याने मला आगीचं सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं.

घरी आम्हाला एवढंच ठाऊक होतं की आग लागली, हात भाजला, सगळे वाचले. पुढचं असं होतं. तेल गाळायच्या यंत्राच्या खोलीत आग लागली. ती हाताने विझेना, तेव्हा इंजिनरूममध्ये गॅस सोडायचं ठरलं. गॅस सोडायचा तर आधी सगळी दारं बंद करावी लागतात, आणि आत कोणी राहिला तर तो त्या गॅसनेच गुदमरतो. म्हणून माणसं मोजली. एक कमी भरला. जहाजावरचा इलेक्ट्रिशियन, ज्याला हे सगळे बत्तीसाब म्हणायचे. पन्नाशीचा, केरळचा माणूस. दार मिलिंदच्या हातात होतं. धूर इतका होता की आत बघायची सोय नव्हती. मागून हुकूम आला, बंद कर, नाहीतर सगळे जातील. मिलिंदने दार बंद केलं आणि त्याचा दांडा ओढला. हात भाजला तो त्या तापलेल्या दाराने आणि दांड्याने.

आणि मग, गॅस सुटायच्या आत, बत्तीसाब दुसऱ्या बाजूने डेकवर चालत आला. तो आधीच संकटकाळच्या शिडीने वर निघून गेला होता.

"कोणी मेलं नाही," मिलिंद म्हणाला. "म्हणून कोणाला काय सांगायचं तेच कळत नाही. पण तो डेकवर दिसेपर्यंत मी त्याला मारलेला होता, ताई. तेवढा वेळ मी माणूस मारलेला माणूस होतो."

म्हाताऱ्याकडे तो का बघत बसला होता, बाजारात हाका का मारत होता, ते आत्ता कळलं. घरीसुद्धा आम्ही सगळे आत आल्याशिवाय तो कडी लावायचा नाही. आम्ही त्याला चिडवायचो.

बत्तीसाबला हे माहीत आहे का, मी विचारलं. कोण जाणे, मिलिंद म्हणाला. पुढच्याच बंदराला तो उतरून घरी गेला. त्यानंतर मिलिंद त्याच्याशी एक शब्द बोललेला नव्हता.

संध्याकाळी पावसाने उसंत घेतली. समुद्रासमोर मोठं मैदान आहे, तिथे सगळं कोलंबो हवा खायला येतं. गाड्यांवर डाळवड्यात अख्खी कोलंबी रोवून तळलेले वडे मिळतात. कोलंबोत कोलंबी, यावर मिलिंदने लहानपणीसारखा पाणचट विनोद केला आणि तीन वडे खाल्ले. मला बरं वाटलं. याला आता समजावता येईल, परत नेता येईल, असा विचार मी करत होते, तेवढ्यात रोशनचा फोन आला. समुद्र थोडा शांत झालाय. उद्या सकाळी निघायचं.

रविवार, गॉल

लाँच गॉलच्या बंदरातून सुटणार होती. रोशन व्हॅन घेऊन आला. त्याच जहाजावर जाणारे आणखी दोघे आधीच आत बसले होते. मी बरोबर येऊ का विचारलं, तर परतीला गाडी रिकामीच असेल, तुम्हाला विमानतळावर सोडू, असं तो म्हणाला. भला माणूस. वाटेत रबराची झाडं, भाताची ओली खाचरं, मध्येच कौलारू घरं. मला सतत मंडणगडला असल्यासारखं वाटत राहिलं. एरवी मी हे सगळं डोळे भरून पाहिलं असतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त आईचं वाक्य होतं.

बंदराच्या फाटकाच्या आत मला सोडत नव्हते. रोशन कागदपत्रं घेऊन आत गेला आणि म्हणाला, थोडा वेळ लागेल. फाटकाजवळ पत्र्याची शेड होती. तिथे आम्ही बॅगा ठेवून उभे राहिलो. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की जवळ येऊन बोलावं लागे.

आदल्या रात्री विचार करून मी ठरवलं होतं की त्याला काही सांगायचं नाही. त्याचा निर्णय त्याने घ्यावा. पण त्याने बॅगेतून कामाचे बूट काढून घालायला सुरुवात केली, आणि माझ्याने राहवलं नाही.

"मिलिंद, नको जाऊस," मी म्हटलं. "घरी चल. आईने मला त्यासाठीच पाठवलंय."

"माहितीय मला," तो म्हणाला. बुटाची नाडी बांधत राहिला. "घरी मी काय करतो माहितीय का तुला? आई बाथरूममध्ये गेली की मी दाराबाहेर उभा राहतो. तिला वाटतं, पोराचं प्रेम उतू चाललंय. किती दिवस असा उभा राहू?"

"मग डॉक्टरकडे जाऊ. असे डॉक्टर असतात. वाशीला आहेत."

"जाईन ना. आल्यावर जाईन, तू म्हणशील त्याच्याकडे." मग तो उठून उभा राहिला. "हे जहाज वेगळं आहे, पण दार तसंच असतं, ताई. मला एकदा त्या दारातून आत जाऊन, काम करून, बाहेर यायचंय. घरी बसून ते दार माझ्या डोक्यात बंदच राहतं."

"आणि नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर सांगेन कॅप्टनला आणि पुढच्या बंदरावर उतरेन. तुला फोन करेन. शपथ."

तुला जमेल असं मला म्हणता आलं नाही, कारण मला तसं वाटत नव्हतं. त्याला अडवताही आलं नाही. मी नुसती त्याची कॉलर सारखी केली. रोशनने आतून हात केला. मिलिंदने दोन्ही बॅगा उचलल्या आणि इतर दोघांच्या मागोमाग फाटकातून गेला. आत जाऊन एकदा वळला. मी हात हलवला. त्याचे हात मोकळे नव्हते.

रोशनला लाँच सुटेपर्यंत थांबायचं होतं. व्हॅनच्या ड्रायव्हरने मला गॉलच्या जुन्या किल्ल्यावर नेलं. तिथून समुद्र दिसतो. पर्यटक रंगीत रेनकोट घालून तटावर फोटो काढत होते. एका बाईने मला त्यांचा फोटो काढायला सांगितलं, मी काढला. मग बंदराकडून एक छोटी नारिंगी बोट निघाली. लाटेवर चढायची, दिसेनाशी व्हायची, परत वर यायची. तीच त्याची बोट होती की दुसरी, मला सांगता येणार नाही. जहाज तर दिसतच नव्हतं, पावसात समुद्र आणि आभाळ एकच झालं होतं. बोट दिसायची थांबली, तरी मी तिथे उभी होते. ड्रायव्हर छत्री घेऊन आला आणि शेजारी उभा राहिला. घाई करा असं तो म्हणाला नाही.

सोमवार, घणसोली

आईने दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता माझ्या मागे जिन्याकडे बघितलं. मग बाजूला झाली, मला आत घेतलं आणि पाणी दिलं.

मिलिंदने मला कोणाला सांगू नकोस असं म्हटलं नव्हतं. मी आईला सगळं सांगितलं. आग, दार, बत्तीसाब, पत्र्याच्या शेडखाली तो काय म्हणाला ते. आई रडेल किंवा मला बोल लावेल असं वाटलं होतं. ती तांदूळ निवडत होती, तिने हात थांबवला नाही. मग विचारलं,

"त्या बत्तीसाबचं नाव काय?"

मला ठाऊक नव्हतं. मिलिंदने सांगितलंच नव्हतं.

"तो माणूस जिवंत आहे ना? मग मिलूला म्हणावं, त्याला फोन कर. माझ्याशी नको बोलूस, तुझ्या ताईशी नको बोलूस. त्याच्याशी बोल."

मी तेच शब्द टाइप करून पाठवले, आई त्याचं नाव विचारत होती हेही लिहिलं. कितीतरी दिवस मेसेज पोहोचलाच नाही, भर समुद्रात नेट नसतं. मी कामावर फोन उलटा ठेवायची आणि दर पोत्यामागे सुलटा करून बघायची. नवरा म्हणाला, मिलिंदचं सगळं तुझ्या अंगात आलंय. आई काही विचारत नव्हती, पण माझा फोन वाजला की स्वयंपाकघरातला नळ बंद व्हायचा.

पुढच्या बंदरावरून त्याचा फोन आला तेव्हा मी मार्केटमध्ये होते. बाहेर ट्रक खाली होत होता, मी कान झाकून गोडाऊनच्या मागे गेले. पहिल्यांदा मनात आलं, उतरला. पण तो कामावरच होता. पहिले काही दिवस फार वाईट गेले, म्हणाला. इंजिनरूमच्या दारापाशी आलं की पाय उचलायचा नाही. बरोबरच्या एकाला त्याने खरं ते सांगितलं, आता ते दोघं बरोबरच खाली उतरतात. झोप अजून तुटकच आहे.

"आणि आईने सांगितलं तसं बोललो त्याच्याशी," तो म्हणाला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दार कोणी बंद केलं ते त्याला माहीतच नव्हतं. म्हणाला, मी तुझ्या जागी असतो तर आणखी आधी बंद केलं असतं. मग त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलत बसला. जहाजावर रोज हाक मारायचो, ताई, आणि मला त्याचं नावसुद्धा धड माहीत नव्हतं. यादीतून शोधून काढावं लागलं."

मी विचारलं, आईला काय सांगू?

"सांग, वर्गीस," तो म्हणाला. "वर्गीस नाव आहे त्याचं."